गार्गीचं डोकं

परवा दुपारी सव्वातीनला गार्गीचं डोकं पडलं.

म्हणजे माझ्या कोलाजमधल्या गार्गीचं. पण पडलं भरसभेत, आणि आवाज न करता. त्यामुळे मला कळलंसुद्धा नाही. एका काकांनी सांगितलं. काकांकडे येतेच आहे. त्यांना टाळून पुढे जायची सोय नाही. त्यांना मात्र मला टाळून पुढे जायची पूर्ण सोय होती, पण ते गेले नाहीत.

तर आमचं प्रदर्शन. सात जणांची चित्रं, माझ्या वाट्याला दाराजवळची भिंत. तिच्यावर माझ्या चौघी: अहल्या, ग्रीक पुराणातली मेडुसा, क्लिओपात्रा आणि उपनिषदातली गार्गी. चौघीही जुन्या मासिकांच्या रद्दीतून जन्मलेल्या.

लोकांना वाटतं कोलाज म्हणजे कात्री आणि डिंक. अहो, ते शेवटच्या तासाभराचं काम. त्याआधी असते ती नुसती शोधाशोध. अहल्येचंच घ्या. ती शिळा झाली हे सगळ्यांना पाठ असतं, पण वाल्मीकींच्या बालकांडात ती शिळा होतच नाही. वारा भक्षण करून, राखेत पडून, कुणाच्याही नजरेला न पडता राहा, असा शाप आहे तिथे. आता नजरेला न पडणारी बाई चिकटवायची कशी? मी एका पानातून बाई कापली, बाई टाकून दिली आणि भोक पडलेलं पान लावलं. क्लिओपात्राचं नाक नाण्यांवर चांगलं लांब आणि बाकदार आहे. तसलं नाक मासिकांत बायकांना देतच नाहीत. शेवटी घड्याळाच्या जाहिरातीतल्या एका पुरुषाचं उसनं घेतलं. तिला ते त्याच्यापेक्षा बरं दिसतं.

पण गार्गीने दमवलं. मला हवी होती प्रश्न विचारणारी बाई. ओठ किंचित उघडे, कपाळावर एक आठी, बस्स. तीन आठवडे रद्दी उपसली. सगळ्या हसतायत! फरशीकडे बघून हसतायत, विम्याच्या कागदाकडे बघून हसतायत, वॉशिंग मशीनला टेकून तर अशा हसतायत की माहेरचं कुणी आत बसलंय. विचारात पडलेले पुरुष हवे तितके मिळाले. हनुवटीला पेन लावलेले, खिडकीबाहेर बघणारे, काहीच सुचत नसताना विचार करणारे. न हसणारी बाई अख्ख्या ढिगात एका ठिकाणी सापडली, डोकेदुखीच्या मलमाच्या जाहिरातीत.

घेतली. इलाज नव्हता. आठी अप्रतिम होती. कानशिलावर टेकवलेली दोन बोटं मी ब्लेडने कापून टाकली. एक नख तेवढं कानाला इतकं चिकटून होतं की निघेना. त्याच्यावर केसांची बट लावून टाकली.

आता काका. ते पंख्यासाठी आत आले होते. हे माझं अनुमान नाही, त्यांनीच सांगितलं.

"ताई, पंखा जरा वाढवता का? बाहेर फार होतंय."

वाढवला. घाम सुकल्यावर त्यांनी हात मागे बांधले आणि गार्गीपुढे उभे राहिले. बराच वेळ. मी मनात म्हटलं, चला, एक तरी माणूस थांबून बघतोय.

"बाईंचं डोकं दुखतंय," काका म्हणाले.

"काका, ती गार्गी आहे. याज्ञवल्क्यांना प्रश्न विचारतेय."

"ते असेल हो. पण डोकं चढलंय. अर्धशिशी. आमच्या हिची उजवी भुवई अश्शीच वर जाते."

मी सांगायला लागले. जनकाची सभा, हजार गाई, बृहदारण्यक उपनिषद. गार्गी विचारते, हे सगळं पाण्यात ओतप्रोत आहे, तर पाणी कशात? 'ओतप्रोत' म्हणजे काठोकाठ भरलेलं नव्हे काका, तो विणकरांचा शब्द, उभा-आडवा धागा. वारा कशात विणलाय, अंतरिक्ष कशात, सूर्य, चंद्र, नक्षत्रं कशात, असं करत ती ब्रह्मलोकापर्यंत पोचते. मग याज्ञवल्क्य म्हणतात, गार्गी, फार विचारू नकोस, डोकं गळून पडेल.

"मग तेच म्हणतोय ना मी," काका म्हणाले. "एवढे प्रश्न विचारल्यावर चढणारच. पण ताई, हे नख कुणाचं?"

दिसलं! बटेखालचं, तांदळाएवढं नख.

"हे तुम्ही हाताने काढलंत?"

"काढलं नाही. कापून चिकटवलंय."

"काढता येत नाही का?"

इथे माझा तोल गेला. काकांना मी उभ्या उभ्या इतिहास ऐकवला. 1912 साली पिकासो आणि ब्राकने चित्रात कागद चिकटवले, त्यांना कुणी विचारलं का, काढता येत नाही का म्हणून? त्यांच्याही कितीतरी आधी इंग्लंडात मेरी डेलानी नावाच्या बाईंनी बहात्तराव्या वर्षी कागद कापून फुलं चिकटवायला घेतली, आणि नजर अधू होईपर्यंत साडेनऊशेच्या वर केली.

"बहात्तराव्या वर्षी?" काका पहिल्यांदाच प्रभावित झाले. "मग तुम्हाला अजून वेळ आहे."

मी थांबायला हवं होतं. पण बर्लिनच्या 'दादा' कलाचळवळीतल्या हाना होखवर गेले. 1919 चं तिचं गाजलेलं कोलाज, त्याच्या लांबलचक नावातच स्वयंपाकघरातली सुरी आहे, म्हटलं.

"सुरी कागदाला वापरली? मग भाजी कशाने चिरली?"

हसू नका. तिच्याबरोबरच्या एका कलावंताने पुढे आठवणी लिहिल्या, त्यात हानाचं योगदान म्हणून काय नोंदवलंय? पैशांची चणचण असताना तिने कुठून कुठून पैदा केलेली सँडविचेस, बिअर आणि कॉफी. काका निदान पंख्याखाली भेटले. तो तर चळवळीतला सोबती होता.

बोलता बोलता काकांनी पंखा स्वतःच पाचवर नेला.

तांत्रिक खुलासा: गुळगुळीत कागदावर डिंकाचा जाड थर दिला की कागद ओला होऊन फुगतो, चेहऱ्यावर नको त्या सुरकुत्या येतात. मला एकच आठी हवी होती. म्हणून डिंकाचा अगदी पातळ थर दिला आणि डोकं मध्यभागीच नीट दाबलं. कडा सुट्या राहिल्या असणार. तेही आदल्या रात्री दीडला. चूक माझीच आहे, पण पाचचा पंखा काकांचा आहे.

"ताई, पडलं."

"काय?"

"डोकं."

कानाची पाळी आणि ते नख तेवढं चित्रावर राहिलं. बाकी बाई जमिनीवर, आठीसकट.

मूळ सभेत गार्गीचं डोकं पडत नाही, हे मला इथे ठासून सांगायचंय. ती गप्प बसते, पण पुन्हा उठते, दोन बाणांसारखे दोन प्रश्न घेऊन. आणि शेवटी याज्ञवल्क्यांना कुणी हरवू शकणार नाही, हा निकालही सभेला तीच ऐकवते. डोकं खरंच पडतं ते विदग्ध शाकल्याचं. पुरुषाचं. त्याची हाडंसुद्धा चोर भलतंच काही समजून घेऊन जातात. याज्ञवल्क्यांच्या हातून जे झालं नाही, ते मी डिंकाच्या पातळ थराने करून दाखवलं.

मी डिंक आणायला आत गेले. बाहेर आले तर काका नाहीत आणि डोकंही नाही. दारावरच्या मुलाने सांगितलं, "चुरगळू नये म्हणून चश्म्याच्या डबीत ठेवलं त्यांनी. मग बस आली."

पुढचे तीन तास मी बिनडोक गार्गीशेजारी उभी होते. आणि गर्दी कुठे झाली म्हणता? तिथेच. खांद्याला शबनम लावलेले एक गृहस्थ म्हणाले, "व्यवस्थेने स्त्रीचं डोकं नाकारलंय, पण ते नख! प्रतिकाराचं नख!" फोटो काढले. त्यांच्या मागच्या बाईंनी डोळे टिपले. मी दोनदा सांगितलं की डोकं बसने गेलंय. दोन्ही वेळा ते खूप खोल आहे असं ठरलं. संध्याकाळी आयोजक येऊन म्हणाले, "आता लावू नका, लोकांना पोचतंय."

पोचतंय! तीन आठवडे रद्दीत नाक खुपसून एक न हसणारा चेहरा शोधला, त्याच्याकडे दिवसभरात एका माणसाने पाहिलं आणि त्याने निदान केलं अर्धशिशीचं. डोकं नसलेली बाई मात्र सगळ्यांना लगेच समजली. अहल्येच्या भोकापुढे तर कुणी थांबलंच नाही. शाप जोरात चालू आहे म्हणायचा.

काल काका पुन्हा आले. पंखा लावला, चश्म्याची डबी उघडली आणि डोकं माझ्या तळहातावर ठेवलं. मग हात मागे बांधून चित्रापुढे गेले. जिथे चेहरा होता तिथे नीट निरखून पाहिलं आणि समाधानाने मान हलवली.

"चला," म्हणाले, "उतरलं एकदाचं बाईंचं डोकं."