नेट शिफ्ट करायचंय म्हटलं, पाप केलं का मी?

आज अकरावा दिवस. कोथरूडवरून रावेतला घर बदललं, फ्रिज आला, वॉशिंग मशीन आलं, तुळस कुंडीसकट आली, टेम्पोवाल्यांनी फोडलेला आरसा पण आला, नाही आलं ते फक्त नेट. आणि मी कंपनी बदलत नाहीये हां, तीच कंपनी, तोच प्लॅन, तेच नाव, फक्त पत्ता वेगळा. कंपनी बदलून मोबाइल नंबर तोच ठेवायची सोय देशभर २०११ पासून आहे आणि इथे कंपनी तीच ठेवून घर बदललं तर माझे हे हाल.

मार्चमध्ये ६ महिन्यांचे पैसे एकदम भरले, वर १८ टक्के जीएसटी, का तर "मॅडम, इन्स्टॉलेशन फ्री पडेल". तेव्हाच विचारलेलं की बाबा भाड्याचं घर आहे, हलावं लागलं तर? म्हणे काही टेन्शन नाही, ॲपवर रिक्वेस्ट टाका, दोन दिवसात काम होतं. अर्धं पुणं ११ महिन्यांच्या ॲग्रीमेंटवर राहतं हो, दरवर्षी कोणी ना कोणी बोचकी बांधतच असतं, शिफ्टिंग म्हणजे काय यांच्याकडे पहिल्यांदाच ऐकलेली गोष्ट आहे का?

तर रिक्वेस्ट टाकली. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, तुमची तक्रार सोडवली आहे. कोणी सोडवली, कुठे सोडवली, माझ्या घरी तर कुत्रं फिरकलं नाही! कस्टमर केअरला ४० मिनिटं होल्डवर बसल्यावर कळलं की कोथरूडची लाइन एका पार्टनरकडे आणि रावेतची दुसऱ्याकडे. कोथरूडवाला म्हणतो राउटर परत दिल्याशिवाय कनेक्शनचा आयडी सोडणार नाही, रावेतवाला म्हणतो आयडी आल्याशिवाय राउटर देणार नाही, आणि या दोघांनी एकमेकांना एक फोन करायचा तर ते नाही, मधल्यामधे हमाली करायला मी आहेच. शेवटी राउटर पिशवीत घातला आणि ऑफिसला अर्धा दिवस सुट्टी टाकून स्कूटीवर हायवेने वाकड, बालेवाडी, चांदणी चौक करत त्याच्या दुकानात गेले. त्याने राउटर उलटासुलटा करून बघितला आणि शांतपणे विचारलं, "ॲडॉप्टर कुठंय?"

ॲडॉप्टर रावेतला, कुठल्यातरी न उघडलेल्या खोक्यात. पुन्हा उद्या.

हे सगळं झाल्यावर नवव्या दिवशी रावेतचा मुलगा आला. सोसायटीची परवानगी, वॉचमनची सही, गच्चीची चावी, ते पुराण सांगतच नाही. गच्चीवरून वायर सोडली, हॉलच्या भिंतीला भोक पाडलं (घरमालकांना अजून सांगितलेलं नाही), वायरीला मीटर लावला आणि म्हणाला, "मॅडम, पॉवरच नाहीये, माइनस ३१ दाखवतंय." पॉवर म्हणजे वायरीतून येणारा सिग्नल, आकडा शून्याच्या जितका खाली तितका तो कमजोर. माइनस २५ च्या आसपास असला तरी चालून जातं म्हणे, इथे कुठेतरी जॉइंट खराब आहे. मग कर ना जॉइंट! तर स्प्लायसिंगचं, म्हणजे वायर जोडायचं, मशीन दुसऱ्या पोराकडे आणि तो पोरगा गेलाय गावी. त्या दिवसापासून नव्या राउटरवर एलओएसचा, म्हणजे सिग्नलच नाही सांगणारा, लाल दिवा लुकलुकतोय, रात्री हॉलमध्ये तेवढाच उजेड. मुलाला वाईट बोलवत नाही, त्याची चूक नाही, त्याला दिवसाला किती घरं वाटून दिलेली असतात देव जाणे.

आणि एवढं होऊन प्लॅनचे दिवस मात्र कोथरूडला चालू होते तसेच पळतायत. म्हटलं निदान हे ११ दिवस पुढे तरी वाढवून द्या, तर "सिस्टिममध्ये ऑप्शन नाही मॅडम". पैसे कापायचा ऑप्शन बरा सापडतो लगेच! ट्रायकडे (टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) जा म्हणून सल्ले देताय ना सगळे, ट्राय एकेकट्याच्या तक्रारी घेत नाही, आधी कंपनीकडेच तक्रार, तिथे नाही भागलं तर कंपनीच्याच अपील अधिकाऱ्याकडे, आणि त्याला निकाल द्यायला मुदत ३९ दिवस. ४० ला एक कमी, उपकारच म्हणायचे. मी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला पण नोंदवलंय, बघू.

तोपर्यंत माझ्या मीटिंगा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, रोजचे २ जीबी, त्यात दुपारी सासूबाईंनी सिरीयल लावली की माझा आवाज रोबोटसारखा आणि मॅनेजर म्हणतो, यू आर ब्रेकिंग.

आत्ता हे टाइप करताना कोथरूडच्या घरमालक काकांचा फोन आला. म्हणे तुमच्या नेटची वायर भिंतीवर लोंबकळतेय, भाडेकरू घर बघायला येतायत, बरं दिसत नाही, कधी काढताय? आणि नेटवाला परवा येऊन तपासून गेला म्हणे, "लाइन एकदम ओके आहे, फुल पॉवर येतेय."