"वर्गात पाय ठेवला नाही" म्हणणाऱ्या वाचकांना

कोकण शिक्षक मतदारसंघावरच्या (इथले शिक्षक मत देऊन विधान परिषदेवर आपला आमदार पाठवतात) माझ्या लेखाखाली एका वाचकांनी नाव न देता लिहिलंय की शिक्षक आमदारानं शिक्षकांचेच प्रश्न मांडायचे असतात, पेन्शन हाही शिक्षणाचाच प्रश्न आहे, शाळाबाह्य कामांनी शिक्षक पिचलेत, आणि शेवटी "ज्यानं कधी वर्गात पाय ठेवला नाही त्यानं आम्हाला शहाणपण शिकवू नये."

बीएलओचं म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी तपासायचं काम, जनगणना, निवडणूक ड्युटी सगळं शिक्षकांच्याच गळ्यात पडतं, हे तुमचं शंभर टक्के बरोबर, त्यावर वादच नाही.

पण ते शेवटचं वाक्य! अहो ही काय बोलायची पद्धत झाली? समोरचा माणूस कोण, कुठल्या घरातला, काही माहीत नसताना थेट लायकी काढायची? माझी आई रिटायर होईपर्यंत कळव्याला प्राथमिक शिक्षिका होती. रात्री जेवणं आटोपली की पेपरांचे गठ्ठे सुटायचे आणि मार्कांच्या बेरजा मी करायचो. ह्या बाईंना शिक्षक मतदारसंघात आयुष्यात कधी मत नव्हतं, कारण घटनेच्या कलम 171 प्रमाणे माध्यमिक आणि त्याच्या वरच्या शिक्षकांनाच ते मिळतं. वरच्या मजल्यावर हायस्कूल होतं, तिथले सर मतदानाला जाऊन जांभळ्या स्केचपेननं 1, 2, 3 पसंती लिहून यायचे, उमेदवाराची माणसं त्यांच्या स्टाफरूममध्ये पत्रकं वाटायची आणि जिना उतरून सरळ गेटबाहेर, पहिली ते चौथीच्या बाईंना कुणी नमस्कारसुद्धा करत नसे. पोराला अक्षर ओळखायला शिकवणारी बाई मतदार यादीतच नाही, मग तिच्या वर्गाबद्दल उमेदवार कशाला बोलेल? लेख ह्यावर होता. तुम्ही तो पूर्ण वाचला असं मला खरंच वाटत नाही.

पेन्शन मागू नका असं मी कुठे म्हटलंय? 1 नोव्हेंबर 2005 पासून नोकरीला लागलेल्यांना जुनी पेन्शन नाकारली, हा अन्याय झाला असं मलाही वाटतं. पण 2023 च्या निवडणुकीत ठाण्यापासून सिंधुदुर्गापर्यंत प्रचार जुन्या पेन्शनभोवतीच फिरला, आणि पाच जिल्ह्यांतल्या खालच्या वर्गांचं काय हे विचारलं की लगेच मी शिक्षकद्वेष्टा!

संघटनांना मी "विकाऊ" म्हटलं असंही तुम्ही लिहिलंय, तो शब्द लेखात दाखवा. आणि पुढच्या वेळी नाव टाकून लिहा, मी माझ्या नावानं लिहितो.