एल्साच्या नावावर ती मुतारी कशाला टाकताय?

परवा भाचीनं एक रील पाठवली आणि खाली लिहिलं, "मावशी, तू हे मला कधी सांगितलंच नाहीस." ती आर्ट कॉलेजला आहे, पुढच्या आठवड्यात तिचं दादावादावर, म्हणजे पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या त्या बंडखोर कलाचळवळीवर, प्रेझेंटेशन आहे आणि ही रील ती थेट त्यात टाकणार होती. गेल्या दोन वर्षांत हीच गोष्ट मला निदान पाच जणांनी पाठवली असेल, दर वेळी मी सोडून दिली. आता घरातल्याच पोरीच्या मार्कांवर आली म्हटल्यावर लिहितेच.

रील म्हणते की १९१७ सालचं 'फाउंटन', म्हणजे 'आर. मट' अशी सही करून शिल्प म्हणून प्रदर्शनाला पाठवलेली ती प्रसिद्ध मुतारी, फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँची नव्हतीच. ती जर्मनीत जन्मलेल्या कलाकार-कवयित्री बॅरोनेस एल्सा फॉन फ्रायटाग-लोरिंगहोफेनची. द्युशाँनं ती ढापली, बहिणीला लिहिलेल्या पत्रात तसं कबूल केलं, आणि सगळे साक्षीदार मेल्यावर १९५० मध्ये आपलं नाव लावलं.

आधी ते पत्र घेऊ, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. पत्र खरं आहे, तारीख ११ एप्रिल १९१७, द्युशाँनं न्यूयॉर्कहून बहीण स्यूझानला लिहिलेलं, आणि १९८२ मध्ये ते छापून आलं. त्यात तो म्हणतो की माझ्या एका मैत्रिणीनं रिचर्ड मट या पुरुषी टोपणनावानं चिनीमातीची मुतारी शिल्प म्हणून पाठवली होती. बास. मैत्रिणीचं नाव नाही. "एल्सा" हा शब्द त्या वाक्यात रीलवाल्यानं घातलाय, आणि पडद्यावर तो अवतरणचिन्हांत दाखवलाय! याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. मूळ पत्रात नसलेलं नाव पत्रात आहे म्हणून दाखवायचं आणि वर त्याला कबुलीजबाब म्हणायचं, हे कॉलेजच्या पोरांनी खरं मानून पुढे न्यायचं का?

बरं, मैत्रीण कोण असेल याचा एक धागा आहे, पण रीलमध्ये तो नाही. न्यूयॉर्कच्या 'सोसायटी ऑफ इंडिपेंडंट आर्टिस्ट्स' या संस्थेच्या प्रदर्शनात नाकारल्यावर छायाचित्रकार आल्फ्रेड स्टिग्लिट्झनं त्या मुतारीचा फोटो काढला, तो 'द ब्लाइंड मॅन' मासिकाच्या मे १९१७ च्या अंकात आला. फोटोत मुतारीला प्रवेशाचं लेबल लटकलेलं दिसतं आणि त्यावर पत्ता आहे ११० वेस्ट ८८ वा रस्ता. तो लुईझ नॉर्टनच्या घरचा पत्ता. ही द्युशाँची मैत्रीण, आणि त्याच अंकात या मुतारीच्या बाजूनं लेख लिहिणारीही तीच. म्हणजे पत्रातली "मैत्रीण" शोधायचीच असेल तर कागद नॉर्टनच्या दारात नेऊन सोडतो, एल्साच्या नाही. आणि पाठवणं म्हणजे बनवणं असंही होत नाही. द्युशाँ त्या प्रदर्शनाच्या संचालक मंडळावर होता, स्वतःच्या नावानं पाठवली असती तर सहा डॉलर भरणाऱ्या कुणाचंही काम दाखवायचं हा संस्थेचा नियम खरा की खोटा हे कळलंच नसतं.

आता जे मान्य करायला हवं ते करते. मुतारी द्युशाँचीच असेल तर बहिणीशी खोटं बोलायचं कारण काय, याचं पक्कं उत्तर माझ्याकडे नाही. तेव्हाच्या एका वर्तमानपत्रानं मट फिलाडेल्फियाचा म्हणून छापलं होतं आणि एल्सा त्या काळात फिलाडेल्फियात होती, हेही खरं. एल्साचं चरित्र लिहिणाऱ्या आयरीन गॅमेल यांनी २००२ मध्ये ही शक्यता नीट मांडली, पण शेवटचा पुरावा हाती नाही हेही त्यांनीच लिहिलंय. चरित्रकार "शक्यता" म्हणते आणि रील "चोरी" म्हणते.

साक्षीदार मेल्याचा मुद्दा तर दोन मिनिटांत निकालात निघतो. द्युशाँनं आपल्या कामांच्या छोट्या प्रतिकृतींची जी पेटी केली, ती १९४१ पासून बाहेर आली, तिच्यात 'फाउंटन' आहे. स्टिग्लिट्झ गेला १९४६ मध्ये. नॉर्टनही तेव्हा जिवंत होती. एल्सा १९२७ मध्ये गेली हे खरं, पण त्याआधीची दहा वर्षं ती भरपूर लिहीत होती, पत्रं, कविता, आत्मचरित्र. ते कागद मेरीलँड विद्यापीठात आहेत आणि त्यात मुतारी माझी असा दावा तिनं कुठेही केलेला नाही. आणि ही बाई गप्प बसणारी नव्हती.

मला खरा त्रास याचा होतो की एल्साचं खरोखर हिसकावलं गेलेलं श्रेय यात झाकलं जातं. 'गॉड' नावाचं एक काम आहे, १९१७ चंच, नळाचा वाकडा लोखंडी पाइप लाकडी ठोकळ्यावर बसवलेला. फिलाडेल्फियाच्या म्युझियममध्ये ते कित्येक दशकं एकट्या मॉर्टन शॅमबर्ग या चित्रकार-छायाचित्रकाराच्या नावावर होतं, त्याचा फोटो त्यानं काढला होता म्हणून. आता एल्साचं नाव सोबत लागलंय. तिच्या कविता 'द लिटल रिव्ह्यू' या मासिकात, जेम्स जॉइसची 'युलिसिस' कादंबरी तिथे क्रमशः येत होती त्याच काळात छापून येत होत्या, आणि त्यांचा पहिला मोठा इंग्रजी संग्रह निघायला २०११ उजाडलं. शेअर करणाऱ्या पाच जणांना विचारलं, तिची एखादी कविता वाचलीय का? एकानंही नाही.

भाचीला मी रील काढून तिथे तीन गोष्टी लावायला सांगितल्या. स्टिग्लिट्झचा फोटो, लेबल मोठं करून, मग 'गॉड', आणि एल्सानं १९२० च्या सुमारास वाइनच्या ग्लासात पिसं वगैरे भरून केलेलं द्युशाँचं पोर्ट्रेट. ते काम आज राहिलेलं नाही, चार्ल्स शीलरनं काढलेला फोटो तेवढा आहे. तिनं तो काल रात्रीच शोधून काढला आणि विचारलं, "मावशी, यावर एक स्लाइड पुरेल का?" म्हटलं, तीन कर.