दोन शतांशाने नापास

मला आपलं वाटायचं की वेबसाइट डिझाइन म्हणजे थोडी नजर, थोडी रंगांची आवड, बाकी होतं आपोआप. थिअरीची लेक्चर्स तशीच गेली, अलाइनमेंट, व्हाइट स्पेस, बॉक्स मॉडेल, सगळ्याला मान डोलावली, वहीत उतरवून घेतलं, खाली दोन-दोन रेघा पण मारल्या. मग प्रॅक्टिकल सुरू झालं.

पहिलंच काम, ९६० पिक्सेलच्या पानात तीन डबे शेजारी शेजारी बसवा. ३२० त्रिक ९६०, शाळकरी पोरगंही सांगेल. बसवले, रिफ्रेश मारलं, तर दोन डबे वर आणि तिसरा रुसल्यासारखा खाली. ३२० चे ३१९ केले, तरी खालीच. ब्राउझर बदलला. मशीन रिस्टार्ट केलं (का ते विचारू नका). दीड तासाने मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या, म्हणाल्या, "आणि पॅडिंग कोण मोजणार?" तर झालेलं असं की मी प्रत्येक डब्याला आतून दोन्ही बाजूंना २० पिक्सेल पॅडिंग, म्हणजे मोकळी जागा, दिलेलं, आणि सीएसएस (पानाची मांडणी जिच्यात लिहितात ती भाषा) ते दिलेल्या रुंदीत धरत नाही, वरून जोडतं, म्हणजे डबा ३६० चा, तिघांचे मिळून १०८०. 'बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स' एवढं लिहिलं की मिटतं. एक ओळ! वहीत होती ती, दोन रेघांसकट.

मग कॉन्ट्रास्ट, म्हणजे अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक. मजकुराला मी मस्त राखाडी दिलेला, कोड हॅश ७७७, पांढऱ्यावर एकदम क्लासी. नियम म्हणतो साध्या मजकुराला निदान ४.५ ला १ पाहिजे, चेकरमध्ये टाकला तर ४.४८. दोन शतांशाने नापास! मॅडमना म्हटलं राउंड ऑफ करा ना, तर नियमात तेही बसत नाही म्हणे. मग हॅश ७६७६७६ केला, ४.५४, पास. दोन्ही शेजारी ठेवतो, फरक ओळखून दाखवा.

शेवटी युजर टेस्ट. कोर्सबाहेरच्या माणसाला साइट द्यायची, एक काम सांगायचं आणि आपण तोंड उघडायचं नाही. सगळ्यात अवघड हेच. आईच्या हातात मोबाइल दिला, म्हटलं संपर्काचा फॉर्म शोध. ती एका हेडिंगवर बोट मारतेय, एकदा, दोनदा, मग चांगलं जोरात, कारण शोभेसाठी मी त्याखाली रेघ दिलेली आणि रेघ दिसली की माणूस दाबणारच. खरा फॉर्म वर कोपऱ्यात, तीन आडव्या रेघांच्या मेन्यूत.

"या रेघा कशाच्या रे?"

मी ओठ चावून गप्प.

"बरं, नको सांगूस." मग तिने चष्मा लावला, मोबाइल लांब धरला, पुन्हा जवळ आणला. "अक्षरं एवढी फिकट का?"

इथे माझा संयम सुटला. "आई, ४.५४ आहे!"

"असू दे की," ती म्हणाली, "ब्राइटनेस कुठून वाढवायचा ते सांग."