पाय न भिजवता गोदावरीचे संशोधन

नाशिकमध्ये प्राध्यापकी करून, दररोज गोदावरीवरच्या कुठल्या ना कुठल्या पुलावरून ये-जा करूनही ज्यांच्या नावावर अद्याप एकही आंतरविद्याशाखीय प्रकल्प नाही, अशा सहकाऱ्यांची मला मनापासून काळजी वाटते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने विद्याशाखांमधील भिंती पाडण्याचे आवाहन केले, तेव्हा त्याचा शब्दशः अर्थ घेऊन काही भाबडी माणसे खरोखरच शेजारच्या विभागात जाऊन बसू लागली आणि दोन्हीकडच्या विभागप्रमुखांच्या मनातून उतरली. तुमच्यावर ती वेळ येऊ नये, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

विषयासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते, गंगापूर धरणात अडते, शहरात शिरल्यावर नासर्डी आणि वाघाडी यांनी आणलेले सगळे काही पोटात घेते आणि तक्रार करत नाही. संशोधनाचा विषय म्हणून याहून सोशिक कोण मिळणार? शिवाय २०२७ चा सिंहस्थ कुंभमेळा तोंडावर आहे, त्यामुळे ‘शाश्वत’ हा शब्द सध्या शासनाच्या कानाला विशेष गोड लागतो. प्रस्तावाचा पहिला परिच्छेद ब्रुंटलँड आयोगाने १९८७ मध्ये केलेल्या शाश्वत विकासाच्या व्याख्येने सुरू करावा. भावी पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवण्याची ती व्याख्या इतक्या प्रस्तावांत उतरली आहे की परीक्षक ती न वाचताच पान उलटतात, म्हणजे तुमचे एक पान बिनविरोध मंजूर होते. त्यानंतर संयुक्त राष्ट्रांच्या १७ शाश्वत विकास उद्दिष्टांचे रंगीत चक्र लावावे. सहावे उद्दिष्ट स्वच्छ पाण्याचे, ते तर हक्काचेच. पण चौदावे, समुद्रातील जीवसृष्टीचे, तेही सोडू नये. नाशिकला समुद्र नाही असा आक्षेप कोणी घेतलाच, तर ही नदी १४०० किलोमीटरहून अधिक वाहून अखेर बंगालच्या उपसागरालाच मिळते, हे त्यांच्या निदर्शनास आणून द्यावे.

आता सहसंशोधकांची निवड. सहसंशोधक त्याच्या सहीच्या तत्परतेवरून निवडावा, ज्ञानावरून नव्हे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, निवडलेल्या मंडळींना चहासाठी एका टेबलाभोवती चुकूनही बसू देऊ नये. यातला धोका नीट समजावून घ्या. रसायनशास्त्राच्या बाई सहज म्हणतील की पाणवेली फोफावतात त्या सांडपाण्यातून येणाऱ्या नायट्रोजन आणि फॉस्फेटवर, तेव्हा यंत्राने नुसत्या काढत राहून काही साधत नाही. त्यावर भूगोलाचे सर म्हणतील की पावसाळा सरला की नदीला वाहते पाणी धरणातून सुटेल तेवढेच, त्यामुळे घाण पुढे सरकतच नाही. स्थापत्यवाले रामकुंडाच्या परिसरात पात्रातच ओतलेल्या काँक्रीटचा आणि त्याखाली गेलेल्या प्राचीन कुंडांचा विषय काढतील. तेवढ्यात राज्यशास्त्राचे कोणीतरी आठवण करून देईल की धरणातले पाणी केवळ नाशिकचे नाही. २००५ च्या जलसंपत्ती नियमन कायद्याने समन्यायी वाटप आले, आणि १५ ऑक्टोबरला खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाचा साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उभा राहतो, मग निफाडच्या द्राक्षबागायतदाराचे आवर्तन, शहराचे नळ आणि मराठवाड्याची तहान हे सगळे एकाच ताळेबंदात येते. अर्ध्या तासात कप रिकामे होतील आणि खरा प्रश्न टेबलावर उघडा पडलेला असेल. तो एकदा दिसला की सोडवावा लागेल, आणि त्याला तीन वर्षांचे अनुदान कसे पुरणार? म्हणून चहा ज्याच्या त्याच्या विभागात पोहोचवण्याची व्यवस्था करावी.

माणसे किती घ्यावीत, हे मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीनेच ठरवून दिले आहे. २०१८ च्या विनियमांनुसार शोधनिबंधाचे दोन लेखक असतील तर प्रत्येकाला ७० टक्के गुण मिळतात; तिसरा आला की ७० टक्के प्रमुख लेखकाला आणि बाकीच्यांना प्रत्येकी ३०. म्हणजे नदी समजून घ्यायला सहा शास्त्रे लागत असली, तरी पदोन्नतीला ती दोन शास्त्रांपुरतीच समजलेली परवडते. तिसऱ्याचे नाव आभारात घालावे आणि त्याला पुढच्या निबंधाचा शब्द द्यावा.

नमुने घेण्याविषयी थोडे तपशिलात सांगतो, कारण इथे नवखे फसतात. आंघोळीच्या पाण्यात जैविक ऑक्सिजन मागणी, म्हणजे बीओडी (पाण्यातली घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू), लिटरला ३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी असा निकष आहे, आणि ती चाचणी २७ अंश सेल्सिअसवर तीन दिवस ठेवून करायची असते. सोमवारी आणलेल्या बाटलीचे वाचन गुरुवारी, मंगळवारच्या बाटलीचे शुक्रवारी. बुधवारची बाटली शनिवारी वाचायची, पण तो दुसरा किंवा चौथा शनिवार नसेल तर. गुरुवारच्या बाटलीचे वाचन रविवारी येते आणि रविवारी प्रयोगशाळेला कुलूप असते. सबब, गुरुवारची गोदावरी कोणत्याही अहवालात प्रदूषित आढळत नाही. ऋतूचेही असेच तारतम्य ठेवावे. अहवाल प्रसन्न हवा असेल तर नाशिककर ज्याच्यावरून पुराची पातळी जोखतात त्या गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलेले असताना नमुना घ्यावा, कारण धरणाच्या विसर्गात सांडपाणी पातळ होते. आणि मुदतवाढ हवी असेल तर एप्रिलमध्ये घ्यावा.

तपोवनापासून मात्र दूर राहावे. सिंहस्थात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामासाठी तिथली झाडे तोडण्याला २०२५ च्या अखेरीस नाशिककरांनी जो विरोध केला, त्यात झाडे, धर्म, जागा, पैसा आणि कायदा असे सगळेच एकत्र आले होते. इतके आंतरविद्याशाखीय काही आपल्याला झेपणारे नाही.

प्रकल्पावर एखादा पीएच.डी.चा विद्यार्थी असेल तर त्याला नदीवर जाऊ द्यावे. कोणीतरी जायलाच हवे. मुलगी किंवा मुलगा चार वर्षे नाल्यांच्या तोंडाशी उभा राहील, महापालिकेत खेटे घालील, गावोगावच्या पाणीवापर संस्थांत बसेल आणि भूगोल, रसायन व अर्थशास्त्र यांना एकत्र बांधणारा प्रबंध लिहील. नंतर सहायक प्राध्यापकाच्या मुलाखतीला गेल्यावर छाननी समिती विचारील की तुमचा नेमका ‘संबंधित विषय’ कोणता. हे त्याला आधी सांगू नये, उत्साह मावळतो.

शेवटचा मुद्दा उपकरणाचा. पाण्याचे सामू, विद्राव्य ऑक्सिजन आणि क्षारता जागेवरच मोजणारे एक चांगले यंत्र मार्च संपण्यापूर्वी खरेदी करावे, म्हणजे उपयोगिता प्रमाणपत्र अडत नाही. प्रकल्प दोन विभागांचा असल्याने त्याची नोंद दोघांच्याही डेड स्टॉक रजिस्टरात व्हायला हवी; आणि एकदा तशी झाली की ते बाहेर नेण्यासाठी दोन्ही विभागप्रमुखांची परवानगी लागते, जी एकाच दिवशी मिळणे संभवत नाही. यंत्र कपाटात, खोक्यात, थर्माकोलसकट सुरक्षित राहते. पुढच्या प्रस्तावात ‘उपलब्ध साधनसामग्री’ या रकान्यात ते दोनदा दाखवता येते, आणि ‘आवश्यक साधनसामग्री’ या रकान्यात आणखी एकदा.