वय विचारत नाहीत, तरी

"ताई, तुमच्याकडे बरंय. वय विचारतच नाहीत."

मावसभाऊ पुण्याहून बोलत होता. वय ३७. एमपीएससीला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८, मागासवर्गीयांना ४३. घरच्या ग्रुपवर यावरून रोज जुंपते. मामांचं म्हणणं, मर्यादा आहे म्हणून तरी पोरं कधीतरी घरी परततात. पोरांचं म्हणणं, जाहिरात तुम्ही उशिरा काढता आणि वय आमचं मोजता. यात मी पोरांच्या बाजूची आहे. सरकारनं खाल्लेली वर्षं सरकारनंच परत द्यावीत. पण मर्यादाच काढून टाका, असं भाऊ म्हणतो तेव्हा मला माझे अर्ज आठवतात.

मी नेदरलँड्समध्ये आयंडहोवनला असते, ४१ वर्षांची आहे आणि यंदा एमबीएसाठी अर्ज करतेय. वयाची अट कुठेच नाही, हे खरं. एका अर्जात अनुभवाच्या रकान्यातला शेवटचा पर्याय 'दहा वर्षांहून अधिक' होता. माझी १८ वर्षं त्यातच कोंबली. शिफारसपत्र वरिष्ठांचं लागतं. माझा बॉस माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. त्यानं बिचाऱ्यानं गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "तुझ्यात पुढे वाढायला किती वाव आहे, असं लिहू?" मुलाखतीत जेमतेम तिशीच्या माजी विद्यार्थ्यानं दोनदा विचारलं, "पण आत्ताच का?" इन्सीडसारख्या नावाजलेल्या बिझनेस स्कूलमध्ये वर्गाचं सरासरी वय २९च्या आसपास असतं, तेव्हा त्याचंही काही चुकलं नाही. आमच्यासारख्या अनुभवी लोकांसाठी वेगळे अभ्यासक्रम आहेत: एमआयटीत स्लोन फेलोज, अहमदाबादच्या आयआयएममध्ये एक वर्षाचा पीजीपीएक्स. रांग निराळी, एवढंच.

खरी गाठ पडली ती ब्रिटनच्या व्हिसाशी. जानेवारी २०२४पासून तिथे एमबीएसारख्या वर्गात शिकवायच्या अभ्यासक्रमाला येणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला नवरा-बायको-मुलं अवलंबित म्हणून आणता येत नाहीत. नियमात वयाचा शब्दही नाही. चोवीस वर्षांच्या पोराला तो बहुधा दिसणारही नाही. मला मात्र तो दिसतो, कारण माझी लेक चौथीत आहे.

हे भावाला सांगितलं. तो म्हणाला, "निदान अर्ज तर करू देतात." देतात की. शिवाय अर्जाची फी घेतात आणि नकार आला तरी ती परत करत नाहीत. बाद होणार हे मला आधी कळलं असतं, तर चार फिया वाचल्या असत्या. त्याला ते पहिल्याच पानावर कळतं आणि त्याविरुद्ध पुण्याच्या अलका चौकात उभं राहून घोषणा तरी देता येतात. मी कुणाच्या दारात उभी राहू?

त्यावर तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "लंडनचा अर्ज केलास की नाही?"

अर्धा भरून ठेवलाय. फी अजून भरलेली नाही.