भिलारला मुलांची सहल न्याच

मुलांच्या वाचनावरच्या तुमच्या लेखात 8 सप्टेंबरचा साक्षरता दिन आणि 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन शाळांनी कसा साजरा करावा, ते छान सांगितलंय. पण आमच्या सातारा जिल्ह्यात त्यापलीकडेही बरंच आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार 4 मे 2017 पासून पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत विषयवार कपाटं आहेत, कुणीही बसून वाचावं, पैसे लागत नाहीत. सहली पाचगणीपर्यंत जातात आणि टेबल लँड बघून परत फिरतात, याचं फार वाईट वाटतं. भिलार तिथून अगदी जवळ आहे हो! आमच्या तिसरीतला एक मुलगा वर्गात जोडाक्षर आलं की बोट ओळीवर ठेवून गप्प व्हायचा. भिलारला एका घराच्या ओसरीवर तोच चित्रांचं पुस्तक मांडीवर घेऊन बसला, आणि अडला की शेजारच्या मुलीला विचारत शेवटच्या पानापर्यंत गेला. परीक्षेची भीती नव्हती ना. सांगलीकडच्या शिक्षकांनी संक्रांतीचं औदुंबरचं साहित्य संमेलनही चुकवू नये, मोठ्या वर्गातली मुलं जरूर न्यावीत. भिलारला मात्र पावसाळा टाळा, आणि एका घरात सगळा वर्ग कोंबू नका, गट पाडा.